भाच्याने दिलेलं झोंबीचं पुस्तक

पत्र

स. न. वि. वि.

मी नगरपालिकेच्या आरोग्य विभागातून आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. वाचनाची आवड आहे. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, दिवाळी अंक जास्त. इंग्रजी वाचते, पण सावकाश. यंदा वाढदिवसाला भाच्याने ‘वर्ल्ड वॉर झेड’ नावाची जाडजूड इंग्रजी कादंबरी दिली. झोंबी म्हणजे मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात, एवढंच मला ठाऊक. ‘झोंबिवली’ घरच्यांबरोबर पाहिला तेव्हा हसले, पण तो विनोदी होता. हे पुस्तक मात्र मुखपृष्ठ बघूनच कपाटात ठेवलं. भाचा म्हणतो, “मावशी, हे तुझ्यासारख्या माणसांबद्दलच आहे.” मी काय झोंबी आहे का? आणि दर फोनला विचारतो, “वाचलंस का?”

रक्ताची मला भीती नाही, नोकरीत सगळं पाहिलं. पण २०२० आणि २०२१ मध्ये घरोघर फिरून याद्या केल्या, लोकांच्या हातांवर विलगीकरणाचे शिक्के मारले, गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकून घेतले, ते अजून स्वप्नात येतं. आता मुद्दाम साथीचं पुस्तक, तेही भुताखेतांचं, कशाला वाचायचं? नाही वाचलं तर पोरगं नाराज होईल. सिनेमा पाहून भागेल का? वाचू की नको, एवढंच सांगा.

— एक निवृत्त आरोग्य निरीक्षक, ठाणे जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. वाचा. पण सगळं वाचायची गरज नाही, ओळीने वाचायची तर मुळीच नाही, आणि रात्री जेवणं झाल्यावर नको. भाच्याने तुम्हाला झोंबी म्हटलेलं नाही. या पुस्तकात झोंबींना बोलायला एक ओळही मिळत नाही. बोलतात ती डॉक्टर, सैनिक, तस्कर, अभियंते, अधिकारी, आया अशी माणसं. त्यांतल्या कुठल्या बाकावर तुम्ही बसाल ते भाच्याने ओळखलेलं दिसतंय.

कादंबरी आपली सवयीने म्हणायची. तिला नायक नाही, सलग गोष्ट नाही. झोंबींशी झालेलं जागतिक युद्ध संपून दहा वर्षं झाली आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या युद्धोत्तर आयोगासाठी काम केलेला एक माणूस देशोदेशी फिरून जगलेल्या-वाचलेल्यांच्या मुलाखती घेतोय, एवढीच चौकट. सुरुवातीच्या प्रस्तावनेतच तो सांगतो की अहवालासाठी त्याने जे गोळा केलं त्यातला बराच मोठा भाग वरिष्ठ बाईंनी गाळून टाकला. मतं नकोत, भावना नकोत, आकडे आणि वस्तुस्थिती हवी. मग गाळलेला मजकूर त्याने वेगळा छापला, तेच हे पुस्तक. तुम्ही आयुष्यभर किती अहवाल वर पाठवले आणि त्यांतलं काय काय वर पोचलं, ते तुम्हालाच माहीत. भुताखेतांचं म्हणून बाजूला ठेवलेलं पुस्तक पहिल्या दोन पानांत कचेरीत शिरतं, हे मला तरी फार आवडतं.

लेखक मॅक्स ब्रुक्स. वडील मेल ब्रुक्स म्हणजे हॉलिवूडमधले नावाजलेले विनोदी दिग्दर्शक, आई ॲन बॅनक्रॉफ्ट ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री. तो स्वतःही आधी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहायचा. २००३ मध्ये त्याने झोंबींपासून जीव कसा वाचवावा याची, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता लिहिलेली एक मार्गदर्शिका काढली आणि २००६ मध्ये ही कादंबरी. पुढे चक्क अमेरिकेच्या लष्करी संस्थांमधून त्याला बोलावणी येऊ लागली. मार्च २०२० मध्ये काचेच्या दारापलीकडे म्हाताऱ्या वडिलांना उभं करून ‘अंतर पाळा’ सांगणारा एका मुलाचा व्हिडिओ खूप फिरला होता. तो हाच मुलगा.

मुलाखतींचा हा साचा त्याने घेतला स्टड्स टर्केल यांच्याकडून. टर्केल शिकागोचे रेडिओवाले. दुसऱ्या महायुद्धातून गेलेल्या साध्या माणसांना टेपरेकॉर्डरसमोर बसवून त्यांनी ‘द गुड वॉर’ हा मौखिक इतिहास लिहिला. तो १९८४ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. ब्रुक्सने ते ऋण उघडपणे मान्य केलंय. तुम्हाला आत्मचरित्रं आवडतात म्हणून हे मुद्दाम सांगतेय. या पुस्तकाचं गोत्र भयकथेपेक्षा आठवणींच्या पुस्तकांशी जास्त जुळतं.

आता झोंबी. त्यांच्यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. मुळात ही हैतीची लोकसमजूत. तिथल्या गुलामांच्या वंशजांना झोंबी आपल्याला खाईल ही भीती नव्हती, मेल्यावरही आपल्याला कुणीतरी राबवत ठेवेल ही होती. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने त्याचं मांस खाणारं, थव्याने चालणारं प्रेत केलं आणि तेव्हापासून तेच चालू आहे. ब्रुक्सचे झोंबी त्याच घराण्यातले. सावकाश चालतात, थकत नाहीत, मेंदू फुटल्याशिवाय थांबत नाहीत, थंडीत गोठतात आणि उन्हाळा आला की पुन्हा हलायला लागतात. ज्याला चावतील तो मरून त्यांच्यात जातो. एवढं कळलं की पुरे. हृदय बंद असलेलं प्रेत चालेल कसं, हा प्रश्न मात्र कपाटातच ठेवा. लेखकाकडे त्याचं उत्तर नाही आणि त्याला ते द्यायचंही नाही.

पण दुसरा एक प्रश्न तुम्हाला पडेलच, आणि तो पडावा म्हणूनच मी तुम्हाला वाचा म्हणतेय. रोग हवेतून पसरत नाही. पाण्यातून नाही, डासांतून नाही. चावा दिसतो, ताप दिसतो, आणि रोगी हळू चालतो. असला रोग एखाद्या वॉर्डात आला तर तुम्ही, दोन एएनएम परिचारिका आणि चार आशाताईंनी तो पंधरवड्यात आटोक्यात आणला असता. मग तो जगभर पसरलाच कसा?

पुस्तकाचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे. आणि त्या उत्तरात विषाणूचा वाटा फारच थोडा.

पहिली साक्ष एका चिनी डॉक्टरची. धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलेल्या एका वस्तीत त्याला बोलावतात. चावे घेतलेले काही रोगी आणि एका रिकाम्या घरात बांधून ठेवलेला बारा-एक वर्षांचा मुलगा त्याला दिसतो. तो जे करायला हवं तेच करतो, मोठ्या शहरातल्या आपल्या जाणत्या सहकाऱ्याला फोन लावतो. त्यानंतर तिथे आरोग्य खात्याची गाडी येत नाही. राज्याच्या सुरक्षा खात्याची माणसं येतात. पुढे चीन ही सगळी धरपकड झाकण्यासाठी तैवानवरून युद्धाचा प्रसंग उभा करतो. २०२० मध्ये बऱ्याच जणांनी हे वाचून लेखकाला द्रष्टा ठरवलं. मला ते पटत नाही. २००२ च्या नोव्हेंबरात ग्वांगडाँग प्रांतात सार्स सुरू झाला, तो कित्येक महिने दडपला गेला आणि २००३ च्या एप्रिलमध्ये ज्यांग यानयोंग नावाच्या बीजिंगच्या लष्करी डॉक्टरांनी खरे आकडे बाहेर काढले, हे सगळं पुस्तकाच्या तीन वर्षं आधीचं. ब्रुक्सने भविष्य पाहिलेलं नाही, वर्तमानपत्र नीट वाचलंय. ते पुष्कळ अवघड.

मग साखळी सुरू होते. माणसांची चोरटी वाहतूक करणारा एकजण सांगतो की पैसे घेतल्यावर सीमेवरचे लोक चाव्यांकडे बघत नव्हते. ब्राझीलमधला एक शल्यचिकित्सक चीनमधून बेकायदा आलेलं हृदय एका श्रीमंत रोग्याला बसवतो. घरचे लोक चावलेल्या नातेवाइकाला लपवतात, कारण सांगितलं तर काय होणार ते त्यांना ठाऊक असतं. इथे तुम्हाला पुण्याचा प्लेग आठवेल. १८९७ मध्ये रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घ्यायचे आणि लोक त्या भीतीने आजारी माणसं दडवायचे. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने जो साथरोग कायदा लागू केला तोही त्याच १८९७ सालचा, मुंबईतल्या त्याच प्लेगपायी झालेला. तुम्ही ज्या दारांवर उभ्या राहिलात तिथे आतून काय काय लपवलं गेलं असेल, हे मी तुम्हाला काय सांगणार. एवढंच म्हणते की लपवणाऱ्याच्या बाजूची गोष्ट सरकारी नोंदवहीत येत नाही. ती इथे येते.

इस्रायली गुप्तचराची साक्ष अजिबात चुकवू नका. १९७३ च्या युद्धात गाफील सापडल्यावर त्यांनी एक नियम केला, असं तो सांगतो: नऊ जणांचं एकमत झालं तर दहाव्याने ते चूक आहे असं धरून तपास करायचाच. त्या नियमापायी तो झोंबींच्या हास्यास्पद बातम्या गांभीर्याने घेतो आणि एका अमेरिकी सहकाऱ्याबरोबर सविस्तर अहवाल लिहितो. धोका काय, कसा ओळखायचा, कसा रोखायचा, सगळं त्यात आहे. तो अहवाल जवळपास कुणीच वाचत नाही. कादंबरीतली सगळी वाताहत त्या अहवालानंतरची आहे. एखाद्या रक्तबंबाळ प्रसंगापेक्षा मला हे पान जास्त भिववून गेलं, तुमचंही तसंच होईल असा माझा अंदाज आहे.

आणि इथेच सावध करायला हवं. तुम्ही विचारताय की मुद्दाम कशाला वाचायचं. प्रश्न रास्त आहे, कारण हे पुस्तक तुम्हाला लागलंच तर भुतांच्या बाजूने लागणार नाही, याच बाजूने लागेल. एक उद्योगपती भेटतो, अंटार्क्टिकावरच्या रशियन तळावर लपून बसलेला. साथीला सुरुवातीला लोक ‘आफ्रिकन रेबीज’ म्हणत होते, म्हणून याने रेबीजची लस बाजारात आणली, सरकारी मंजुरीही पटकन मिळाली. लस रेबीजवर चालायची. रोग रेबीज नव्हता. आपण खोटं कुठे बोललो, असं तो वर विचारतो. (हे वाचून कुणी लसींच्याच नावाने बोटं मोडायला लागलं तर त्याला तुम्हीच सरळ करा. गोष्ट लसीची नाही, भीती विकणाऱ्याची आहे.) २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन धावणारे लोक ज्यांनी पाहिले त्यांना त्याचं गुळगुळीत बोलणं सहन होणं कठीण. पुस्तक मिटावंसं वाटलं तर मिटा. राग येणं आणि झोप उडणं यांत फरक आहे. राग आला तर वाचत राहा, झोप उडाली तर थांबा.

झोपेचाच मुद्दा चाललाय तर दोन साक्षी नावानिशी सांगते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेकाची एक मुलाखत आहे, लहानपणी एकटी सापडलेल्या मुलीची. ती सोडाच. चर्चमध्ये आयांनी आपल्या लेकरांचं काय केलं ते ती मुलीच्या अर्धवट भाषेत सांगते, आणि ते वाचून मी दुसऱ्या दिवशीही काही वाचू शकले नाही. दुसरी कॅनडातली. थंडीत झोंबी गोठतात म्हणून एक कुटुंब गाडीत सामान भरून उत्तरेला निघतं. आधी सहलीसारखं असतं, शेकोट्या, गाणी. मग हिवाळा येतो आणि अन्न संपतं. ही दिवसा वाचा किंवा भाच्याला तोंडी सांगायला सांगा. प्रत्येक मुलाखतीच्या वर ठिकाणाचं नाव छापलेलं आहे, त्यामुळे पान चुकवणं सोपं.

बाकीचं तुम्ही समजताय तितकं भयानक नाही, आणि त्याला कारण आहे. बोलणारा प्रत्येक माणूस वाचलेला आहे. आठवणी दहा-वीस वर्षांपूर्वीच्या आहेत, सांगणारा कुठेतरी बाकावर किंवा अंगणात बसून सांगतोय. आता काय होणार, हा जीव टांगणीला लावणारा प्रश्न बराचसा गळून पडतो आणि कसं झालं हा उरतो. हाडाच्या भयकथावाल्यांना यात मजा कमी वाटते. तुमच्यासाठी ते सोयीचंच.

तर सुरुवात कुठून? प्रस्तावना, चिनी डॉक्टर, इस्रायली गुप्तचर. मग थांबा, पुस्तक पडू द्या दोन-तीन दिवस. नंतर पुढची बरीच पानं ओलांडून आर्थर सिंक्लेअर नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलाखतीवर जा. तो अमेरिकेच्या संसाधन खात्याचा प्रमुख. रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला उरलेला देश पुन्हा उभा करायचाय आणि हाताशी माणसं कोण? सल्लागार, विश्लेषक, मोठमोठ्या हुद्द्यांचे अधिकारी. कुणाला खिळा ठोकता येत नाही, भाजी लावता येत नाही. मग त्यांना शिकवायला कोण? कालपर्यंत त्यांच्याच घरी झाडू-पोछा करणाऱ्या बाया, नळ दुरुस्त करणारे, सुतार. कित्येकांना हा अपमान सोसत नाही. मला ही सगळ्या पुस्तकातली सर्वांत खुसखुशीत आणि सर्वांत खरी मुलाखत वाटते. सफाई कामगारांची हजेरी घेऊन ज्यांची सकाळ सुरू व्हायची त्या तुम्ही ती कशी वाचाल, याचं मला कुतूहल आहे.

अजून एक गंमत: अध्यक्षांच्या कार्यालयातला सर्वांत वजनदार माणूस युद्धानंतर टेक्ससमध्ये इंधनासाठी शेण गोळा करताना भेटतो. आणि त्या अवस्थेतही आपलं कसं बरोबर होतं हेच सांगत असतो. असा माणूस आपल्या ओळखीत नाही असं म्हणणारा वाचक मला अजून भेटायचाय.

युद्धाची प्रकरणं मात्र चाळा. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सची लढाई वाचण्यासारखी आहे, कारण तिथे अत्याधुनिक सैन्य टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर हरतं. शत्रूला घाबरवण्यासाठी बनवलेली शस्त्रं न घाबरणाऱ्या शत्रूसमोर उभी केल्यावर दुसरं काय होणार? पण पुढे रायफली, काडतुसं, फावडी यांची वर्णनं इतकी येतात की मला दुकानातली यादी वाचल्यासारखं झालं. सैनिकी अमेरिकी बोलीही तिथेच सर्वांत अवघड. सावकाश इंग्रजी वाचणाऱ्याने तिथे अडकून बसू नये.

दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण वेगळं ठेवते, कारण त्याबद्दल घाईने बोलता येत नाही. वर्णभेदी राजवटीत गोऱ्या अल्पसंख्याकांना वाचवण्याची योजना आखणारा एक माणूस झोंबींच्या काळात तीच योजना नव्याने मांडतो. सगळे वाचणार नाहीत, तेव्हा काही जणांना सुरक्षित प्रदेशात न्यायचं आणि बाकीच्यांना बाहेर अशा ठिकाणी ठेवायचं की झोंबी त्यांच्याकडे ओढले जातील. म्हणजे माणसं आमिष. जगातले बहुतेक देश ती योजना उचलतात, आणि ती यशस्वीही होते. लेखक इथे न्यायनिवाडा करत नाही, मीही करत नाही. पण पत्रे कुठल्या गल्लीला ठोकायचे आणि कुठल्या नाही, हे ज्यांच्यासमोर ठरलं त्यांनी हे प्रकरण वाचावं असं मला मनापासून वाटतं, मग त्याचा त्रास झाला तरी. मुलाखतीचा शेवट आधी वाचू नका. भाच्यालाही तो सांगू देऊ नका.

भारत आहे का? आहे. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या किनाऱ्यावर, जिथे खरोखरच जुनी जहाजं मोडीत काढतात, तिथे हजारो लोक त्या मोडक्या जहाजांतून पळून जायला जमतात. ते प्रकरण जमलंय. उदयपूरच्या तलावातल्या महालात दुसरी मुलाखत होते आणि तिच्यात हिमालयातला एक रस्ता वेळेत उडवायचा असतो. खालून निर्वासितांचे लोंढे चढतायत आणि त्यांच्यामागे झोंबी. प्रसंग थरारक आहे, पण त्यातला जनरल राज-सिंग हा शूर, हौतात्म्याला तयार असा माणूस भारतापेक्षा भारताच्या पोस्टरमधून आलाय. आपल्याकडची माणसं कशी भांडतात, चहा घेऊन कशी समेट करतात, कागद कसा अडवतात, यातलं ब्रुक्सला काही दिसलेलं नाही. अणुयुद्ध मात्र त्याने भारत-पाकिस्तानात लावलेलं नाही, इराण आणि पाकिस्तानात लावलंय. निर्वासितांच्या लोंढ्यावरून पेटतं ते. वाचकाला जे हमखास अपेक्षित असतं ते टाळण्याची त्याला खोड आहे, आणि ती चांगली खोड आहे.

उणिवा याहून मोठ्याही आहेत. सगळे लोक थोडेफार एकाच आवाजात बोलतात. चिनी डॉक्टर आणि अमेरिकी सैनिक यांच्या तोंडून नावं काढून टाकली तर बऱ्याच जागी ओळखू येणार नाही. स्त्रिया कमी, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच जणी सोसणाऱ्या. ज्या जगात साथ येते तिथे परिचारिका, दाया, आरोग्यसेविका यांच्या साक्षी जवळपास नसाव्यात हे मला पुन्हा वाचताना फारच खटकलं. भाचा म्हणतो हे तुमच्यासारख्यांबद्दल आहे. खरंतर तुमच्यासारख्यांची एक मुलाखत यात हवी होती. शिवाय उत्तरार्धात अमेरिका जगाला मार्ग दाखवते, हे ओघाने आलंच.

सिनेमाने भागणार नाही. २०१३ चा, ब्रॅड पिटचा. नाव तेच, इस्रायलची भिंत आहे, संयुक्त राष्ट्रांचा माणूस आहे, बाकी बहुतेक सगळं निराळं. त्यात झोंबी धावतात, एकमेकांच्या अंगावर चढून भिंती ओलांडतात आणि एक देखणा बाप सगळं निस्तरतो. न वाचलेला अहवाल, रेबीजची लस, शेण गोळा करणारा साहेब, यांतलं काहीच नाही. तुमची भीती वाढेल आणि भाच्याशी बोलायला विषयही मिळणार नाही, असा दुहेरी तोटा.

त्यापेक्षा ऐका. याचं श्राव्य पुस्तक अनेक नटांनी मिळून केलंय आणि त्याने वर सांगितलेली एक उणीव बऱ्यापैकी भरून निघते, कारण प्रत्येकाचा आवाज खरोखर वेगळा होतो. मुलाखतकाराचा आवाज खुद्द ब्रुक्सचा. अमेरिकी सैनिक म्हणजे मार्क हॅमिल, लसवाला उद्योगपती म्हणजे दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी, आणि तो इतका चपखल आहे की चीड येते. सुरुवातीची आवृत्ती कापलेली होती, २०१३ ची विस्तारित आवृत्ती मागा. पुस्तक समोर उघडं ठेवून ऐकलंत तर इंग्रजीही अडणार नाही. दुपारी भाजी निवडताना एक मुलाखत, असा हिशेब ठेवा. कानात मोबाइल लावून अंधारात पडून ऐकू नका.

राहिली भाच्याची नाराजी. तीन-चार मुलाखती वाचून किंवा ऐकून तुमचा निर्णय ‘पुरे’ असा झाला, तर त्याला तसं स्पष्ट सांगा आणि कुठे थांबलात, का थांबलात तेही सांगा. भेट दिलेलं पुस्तक पूर्ण करण्याचं कुणावर कर्ज नसतं. न वाचता ‘छान आहे रे’ म्हणणं मात्र नको, या पुस्तकाचे चाहते लगेच पकडतात.

मला आणखी एक शंका आहे, ती तुम्हीच पडताळून बघा. आत्मचरित्रं वाचणाऱ्या मावशीला पोरगा झोंबीचं पुस्तक देतो, आणि ते नेमकं असं निघतं की ज्यात एक तरुण माणूस साथीतून गेलेल्या मोठ्यांसमोर बसून विचारतो, तेव्हा तुम्ही कुठे होतात, काय केलंत. त्या दोन वर्षांबद्दल तुम्ही घरी किती बोलला आहात, पत्रात लिहिलेलं नाही. कदाचित त्याला तेच विचारायचं असेल आणि कसं विचारावं ते सुचत नसेल. तसं असेल तर पुस्तक संपायची वाट बघायची गरज नाही. इस्रायली गुप्तचराची मुलाखत झाली की त्याला घरी बोलवा आणि न वाचल्या गेलेल्या तुमच्या एखाद्या अहवालाबद्दल सांगा. अट एकच घाला: या पुस्तकातला मुलाखतकार फार थोडे प्रश्न विचारतो आणि मध्ये तोंड घालत नाही. दर फोनला ‘वाचलंस का’ विचारणाऱ्या मुलाला ते कितपत जमतं, ते बघा.